संगणकाची वजनेमापे

वसंतातील या ज्ञानसत्रात वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत अनेक भारदस्त विषयांचा परामर्श घेतला जातो. त्यांच्या पंगतीला आम्ही आज जो विषय आणून बसवीत आहोत, तो सकृद्दर्शनी अगदीच बाजारहाटाचा वाटेल. संगणकात आणि मोबाइलमध्ये जी माहिती साठविली जाते ती मोजावयाची कशी, आणि एका मापातला आकडा दुसऱ्या मापात आणावयाचा कसा, एवढाच तो विषय आहे. परंतु मापाचा प्रश्न हा नेहमीच विश्वासाचा प्रश्न असतो. वाण्याच्या तराजूविषयी मनात किंतु आला की धान्य कितीही चांगले असले तरी माणूस घरी येऊन ते पुन्हा मोजतो. आज घराघरांतील छायाचित्रे, कार्यालयांतील दप्तरे, दवाखान्यांतील तपासण्या हे सारे ज्या मापाने मोजले जाते, त्या मापाविषयी असा किंतु पुष्कळांच्या मनात आहे आणि तो अगदीच निराधार नाही.

किंतु कसा येतो तो पाहा. एखादा गृहस्थ दुकानातून माहिती साठविण्याची चकती, म्हणजे हार्ड डिस्क, विकत आणतो. वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते : १ टीबी. एक टीबी म्हणजे हजार जीबी, एवढे त्याला ठाऊक असते. घरी येऊन तो ती संगणकाला जोडतो आणि संगणक सांगतो : ९३१ जीबी. मग उरलेले ६९ जीबी गेले कोठे? दुकानदाराला विचारावे तर तो म्हणतो, “साहेब, तेवढे आतल्या आत खर्च होतातच.” ग्राहकाचे त्याने समाधान होत नाही, आणि होऊही नये, कारण हे उत्तर बरेचसे चुकीचे आहे. चकतीची आतली व्यवस्था लावण्यात थोडी जागा जाते हे खरे. पण या ६९ जीबींपैकी बहुतेक कोठेच गेलेले नाहीत. ते तेथेच आहेत. फक्त विकणाऱ्याने एका मापाने मोजले, संगणकाने दुसऱ्या मापाने मोजले आणि दोघांनीही आपल्या मापाला एकच नाव दिले.

हे नीट समजावयाचे तर अगदी मुळापासून निघाले पाहिजे.

संगणकाला दोनच खुणा समजतात. वीज आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. अशा एका खुणेस ‘बिट’ म्हणतात. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात हा शब्द वापरला आणि त्याचे श्रेय जॉन टुकी या आपल्या सहकाऱ्यास दिले. दोनच खुणांनी जगाचा सारा व्यवहार कसा लिहिता येईल असा प्रश्न पडेल. पण ज्यांनी शाळेत वृत्ते घोकली आहेत त्यांना तो पडू नये. छंदःशास्त्रातही दोनच खुणा आहेत, लघू आणि गुरू. तीन अक्षरांचा एक गण धरला तर लघुगुरूंच्या किती जुळण्या होतात? प्रत्येक अक्षराला दोन पर्याय, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण तेच. नववा गण असणे शक्यच नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात अशा सर्व जुळण्या क्रमाने मांडण्याची रीत दिलेली आहे. पिंगलाला संगणक ठाऊक होता असे कोणी या विधानावरून काढू नये. पण दोन खुणांच्या जुळण्या मोजण्याचे गणित तेच आहे.

आता तीनऐवजी आठ अक्षरे घ्या. अनुष्टुभाच्या एका चरणात आठच अक्षरे असतात. वृत्ताचे नियम बाजूला ठेवून लघुगुरू मनास येतील तसे मांडले, तर आठ अक्षरांच्या चरणाचे २५६ प्रकार होतात. आठ बिटांच्या अशा चरणास ‘बाइट’ म्हणतात. आयबीएम या कंपनीतील वर्नर बुकहोल्ट्झ यांनी १९५६ साली हा शब्द घडविला. इंग्रजीत याच उच्चाराचा शब्द ‘घास’ या अर्थी आहे. त्याचे स्पेलिंग मुद्दाम बदलले, कारण नाही तर लिहिताना शेवटचे अक्षर गळून त्याचा ‘बिट’ व्हावयाचा. प्रारंभी बाइट किती बिटांचा हे ठरलेले नव्हते. १९६४ साली त्याच कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका बाजारात आणली, तेव्हापासून आठ बिटांचा बाइट रूढ झाला.

इंग्रजीतील एक अक्षर, अंक किंवा विरामचिन्ह साठविण्यास एक बाइट पुरतो. आमच्या देवनागरीचे तसे नाही. जगातील सर्व लिप्यांना प्रत्येकी आपापले क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नावाची योजना आहे. महाजालावर ती ज्या पद्धतीने लिहिण्याचा प्रघात आहे, तीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेस तीन बाइट लागतात. आणि खूण म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण या सर्व स्वतंत्र मोजल्या जातात. ‘वसंत’ या शब्दात व, स, अनुस्वार आणि त अशा चार खुणा, म्हणजे १२ बाइट. हेच नाव इंग्रजी लिपीत सहा अक्षरांनी लिहिले तर ६ बाइट. ‘ज्ञान’ हा शब्द दिसावयास दोन अक्षरी. पण ज, पायमोड, ञ, काना आणि न मिळून पाच खुणा होतात आणि १५ बाइट लागतात.

याचा अनुभव मोबाइलवरून लघुसंदेश धाडणाऱ्यांनी घेतलेला आहे. एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरे तेथे सात सात बिटांत दाबून बसवितात म्हणून १६० मावतात. देवनागरीच्या खुणेला तेथे दोन बाइट द्यावे लागतात म्हणून ७० च मावतात. ज्या काळी संदेशागणिक पैसे पडत, त्या काळी मराठीत लिहिणारा माणूस इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या दुपटीहून अधिक पैसे मोजत असे. मायबोलीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिच्यासाठी मोजलेले हे पैसे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत!

असो. आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ.

बाइट हे माप फार लहान आहे. धान्य दाणे मोजून विकत नाहीत, शेर-मण लागतात. तेव्हा बाइटांचेही शेर-मण करणे प्राप्तच होते. त्यासाठी दशमान पद्धतीतील तयार उपसर्ग उचलले गेले : किलो, मेगा, गिगा, टेरा. किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम, किलोमीटर म्हणजे हजार मीटर. त्याच न्यायाने किलोबाइट म्हणजे हजार बाइट व्हावयास हवे होते. परंतु संगणकाची स्मृती बांधणाऱ्या अभियंत्यांनी किलोबाइट म्हणजे १०२४ बाइट असे धरले. हा चोवीसचा शेपूट कोठून आला?

तो स्मृतीच्या बांधणीतून आला. स्मृती म्हणजे एक मोठा वाडा आणि त्यात एकेक बाइट राहील अशा खोल्या, अशी कल्पना करा. एखाद्या खोलीतले सामान हवे असेल तर तिचा क्रमांक तारांवरून कळवावा लागतो. एका तारेत वीज आहे किंवा नाही, म्हणजे एका तारेने दोन खोल्या ओळखता येतात. दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ. अशा दहा तारा लावल्या की दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४ खोल्या होतात. आता दहा तारा असताना हजारच खोल्या बांधावयाच्या आणि चोवीस क्रमांक फुकट घालवावयाचे, हे कोणताही व्यवहारी माणूस करणार नाही. म्हणून स्मृतीचे तुकडे नेहमी १०२४, २०४८, ४०९६ अशाच आकारांचे होत गेले. रोज बोलताना ‘एक हजार चोवीस’ कोण म्हणणार? हजाराच्या जवळ आहे, तेव्हा म्हणा ‘किलो’. येथे अप्रामाणिकपणा काही नव्हता, सोय होती.

चकती बांधणाऱ्यांना मात्र अशी सक्ती नव्हती. चकतीवर गोल पट्टे असतात, पट्ट्यांचे तुकडे असतात आणि त्यांची संख्या दोनाच्या घातातच असली पाहिजे असे काही नसते. १९५६ साली आयबीएमने जे पहिले चकतीयंत्र बाजारात आणले, त्यात २४ इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्याची क्षमता पन्नास लाख अक्षरे अशीच सांगितली जाई. (ती अक्षरेही सहा बिटांची होती, आजच्या बाइटांत ती सुमारे साडेसदतीस लाख बाइट भरतात. आजच्या मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्र तेथे जेमतेम मावले असते.) चकतीवाले असे प्रथमपासून साध्या दशमान आकड्यांत मोजत आले, स्मृतीवाले दोनाच्या घातांत मोजत राहिले, आणि दोघांच्याही तोंडी किलो आणि मेगा हेच शब्द.

किलोच्या पायरीवर दोन मापांत फरक कितीसा? हजारास चोवीस, रुपयाला अडीच पैशांहून थोडा कमी. एवढ्यावरून कोणी भांडत नाही. पण पायरी चढली की फरकावर फरक चढतो, चक्रवाढ व्याजासारखा. मेगाच्या पायरीवर एकाचे दहा लाख तर दुसऱ्याचे १०,४८,५७६, म्हणजे रुपयाला जवळजवळ पाच पैसे. गिगाच्या पायरीवर एकाचा एक अब्ज तर दुसऱ्याचे १,०७,३७,४१,८२४, म्हणजे रुपयाला सात पैशांहून अधिक. टेराच्या पायरीवर एकाचे एक लाख कोटी तर दुसऱ्याचे १०,९९,५१,१६,२७,७७६. फरक रुपयाला दहा पैसे. त्याच्या वरच्या पेटाच्या पायरीवर तो साडेबारा पैशांवर जातो. १९८० च्या सुमारास ज्याकडे काणाडोळा करता येत होता, तेच आज दहा टक्क्यांचे प्रकरण होऊन बसले आहे. चकत्यांची क्षमता वाढली म्हणून ही तफावत चव्हाट्यावर आली; लबाडी वाढली म्हणून नव्हे.

या ग्रीक उपसर्गांना बुजण्याचे मराठी माणसाला कारण नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त दशमान स्थानांची जी नावे दिली आहेत, त्यांच्याशी ताडून पाहा. किलो म्हणजे सहस्र, मेगा म्हणजे प्रयुत, गिगा म्हणजे अब्ज, टेरा म्हणजे महापद्म आणि पेटा म्हणजे अंत्य. ती यादी परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी, संपते. पेटाच्या वरचा एक्सा हा परार्धाच्या दहापट आहे. त्यापुढील झेटा आणि योटा १९९१ साली आले, आणि तेही अपुरे पडणार असे दिसू लागल्यावर २०२२ साली रोना आणि क्वेटा हे दोन उपसर्ग मान्य झाले.

एकाच नावाची दोन मापे बाजारात चालू लागली म्हणजे काय होते, हे आपल्या लोकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. जुना रुपया ज्यांनी वापरला किंवा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून त्याविषयी ऐकले, त्यांना आठवेल की तो रुपयाही अर्ध्या-अर्ध्यानेच उतरत असे. रुपयाची अर्धी अधेली, तिची अर्धी पावली, तिची अर्धी चवली, तिचा अर्धा आणा, त्याचा अर्धा ढब्बू आणि त्याचा अर्धा पैसा. सहा वेळा अर्धे केले म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. दोनाचा सहावा घात! संगणकाच्या स्मृतीचा हिशेब याच जातीचा आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. चौसष्टावा पैसा आणि शंभरावा पैसा एकाच बाजारात, एकाच नावाने चालले असते तर केवढा गोंधळ माजला असता! सरकारने सुज्ञपणे नव्या नाण्याला ‘नवा पैसा’ असे नाव दिले. आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस असे कोष्टक घेऊन लोक काही वर्षे बाजारात वावरले. त्या ‘नवा’ विशेषणाने व्यवहार सांभाळला. जुना पैसा नाहीसा झाल्यावर १९६४ साली ते विशेषण गळून पडले.

संगणकाच्या बाबतीत हेच शहाणपण सुचावयास मात्र १९९८ साल उजाडावे लागले. विद्युत्‌शास्त्रातील मापे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्या वर्षी दोनाच्या घातांसाठी निराळे उपसर्ग मान्य केले : किबी, मेबी, गिबी, टेबी. मूळ उपसर्गाची पहिली दोन अक्षरे आणि पुढे ‘बायनरी’ शब्दाचा ‘बी’, अशी ही घडण आहे. किबीबाइट म्हणजे १०२४ बाइट. किलोबाइट म्हणजे हजारच. येथेही नवागतानेच विशेषण घ्यावयाचे हा न्याय पाळला गेला. किलो हा शब्द फ्रान्समध्ये १७९५ पासून हजार याच अर्थी चालत आलेला. १०२४ हा त्या घरात मागाहून शिरलेला पाहुणा. आंतरराष्ट्रीय मापपद्धतीची अधिकृत पुस्तिकाही स्पष्ट बजावते की हे उपसर्ग दहाच्या घातांसाठीच आहेत, दोनाच्या घातांसाठी ते वापरू नयेत.

मग भांडण मिटले का? नाही. कारण १९५७ साली जे घडले ते येथे घडू शकत नाही. जुना पैसा वितळविता आला. पण स्मृतीचे तुकडे आजही तारांच्या हिशेबाने बहुधा दोनाच्या घातांतच बांधले जातात आणि विकणारे त्यांना आजही जीबीच म्हणतात. मोबाइलच्या एखाद्या वेष्टनावर ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज’ असे लिहिलेले असते. रॅम म्हणजे चालू कामाची स्मृती. तिचे ८ जीबी म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ बाइट. आणि साठवणीचे १२८ जीबी म्हणजे बरोबर १२८ अब्ज बाइट. एकाच वेष्टनावर, एकाच ओळीत, एकाच नावाची दोन मापे! ‘गिबी’ हा शब्द तेथे छापला असता तर काय बिघडले असते ते आम्हांस कळत नाही. ॲपल कंपनीने २००९ साली आपल्या संगणकांत चकतीचा आकडा दशमान पद्धतीने दाखविण्यास प्रारंभ केला, म्हणून तेथे वेष्टनावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये मात्र १०२४ ने भागून आलेल्या आकड्यापुढे जीबी हेच नाव अजूनही लिहिले जाते.

प्रकरण न्यायालयापर्यंतही गेले. अमेरिकेत एका ग्राहकाने वेस्टर्न डिजिटल या कंपनीची ८० जीबीची चकती घेतली, संगणकाने ती सुमारे ७४ जीबी दाखविली, म्हणून त्याने दावा लावला. २००६ साली तडजोड झाली आणि ग्राहकांना माहितीची जादा प्रत काढून ठेवण्याची आज्ञावली फुकट मिळाली. २००७ साली सीगेट या कंपनीने अशाच दाव्यात पाच टक्के पैसे परत किंवा तशीच आज्ञावली असा पर्याय दिला. तेव्हापासून वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘१ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट’ असा खुलासा सर्रास दिसतो. २०२० साली पेन ड्राइव्हविषयी असाच एक दावा कॅलिफोर्नियातील न्यायालयाने फेटाळला, तो या खुलाशाकडे बोट दाखवूनच. आमचे मत विचाराल तर कायद्याने आणि व्याकरणाने विक्रेत्याची बाजू खरी आहे; मात्र दोन मापांपैकी जे वापरल्याने आकडा मोठा दिसतो तेच त्याच्या पथ्यावर पडले, हेही विसरता येत नाही. संगणक तर दोषी आहेच : तो मोजतो गिबी आणि लिहितो गिगा.

आता रूपांतर. हे निव्वळ त्रैराशिक आहे. वेष्टनावरचा आकडा बाइटांत आणावयाचा आणि मग १०२४ ने, जितक्या पायऱ्या असतील तितक्या वेळा, भागावयाचे. जीबीसाठी तीन वेळा, टीबीसाठी चार वेळा. पण बाजारात उभे राहून एवढे कोण करणार? तोंडी हिशेबाला सोपी रीत अशी की वेष्टनावर जीबी लिहिले असेल तर शेकडा सात वजा करावे. ५०० जीबीचे ४६५, ६४ जीबीचे साडेएकोणसाठ. संगणक जवळपास तेवढेच दाखवील. टीबीत लिहिले असून उत्तरही टीबीत हवे असेल तर शेकडा नऊ वजा करावे. ४ टीबीचे ३.६४ होतात. १ टीबीची तीच चकती संगणक एकदा ९३१ जीबी आणि एकदा ०.९१ टीबी म्हणतो, यात विसंगती नाही. ९३१ ला पुन्हा १०२४ ने भागले की ०.९१ येते. उलट दिशेने, संगणकावरचे जीबी वेष्टनाच्या जीबीत आणावयाचे असतील, तर शेकडा साडेसात मिळवावे. मिळविण्याचे प्रमाण वजाबाकीपेक्षा थोडे अधिक का, हे नफातोट्याची उदाहरणे सोडविलेल्यांना सांगावयास नको.

याहून मोठी गल्लत बिट आणि बाइट यांची होते. माहितीच्या साठ्याचे माप बाइट, पण तिच्या वाहतुकीचे माप बिट. इंग्रजीत लिहिताना लहान बी म्हणजे बिट आणि मोठी बी म्हणजे बाइट, एवढाच काय तो भेद. घरी महाजालाची जोडणी देणारा ‘शंभर एमबीपीएस’ म्हणतो, तेव्हा तो सेकंदाला शंभर मेगाबिट म्हणत असतो. आठाने भागले की साडेबारा मेगाबाइट. म्हणजे एक जीबीचा चित्रपट उतरवून घेण्यास दहा सेकंद नव्हे, ऐंशी सेकंद लागावयाचे, आणि वाटेतील खोळंबा धरून थोडे अधिक. येथे फरक टक्क्यांचा नाही, आठपटींचा आहे. वाहतुकीच्या मापात किलो, मेगा हे नेहमी हजाराचेच असतात, एवढे समाधान.

जाता जाता एका गमतीचा उल्लेख करावासा वाटतो. १९९० च्या दशकात ज्यांनी संगणक वापरला त्यांना ‘१.४४ एमबी’ची लहान चौकोनी फ्लॉपी आठवत असेल. तिच्यावर मावत १४,७४,५६० बाइट. हजाराच्या हिशेबाने हे १.४७ एमबी होतात आणि १०२४ च्या हिशेबाने १.४१. मग १.४४ आले कोठून? एकदा १०२४ ने भागले आणि दुसऱ्यांदा हजाराने! जगभर विकल्या गेलेल्या वस्तूवर छापलेला हा आकडा दोन्हीपैकी कोणत्याही मापात बसत नाही.

हा सारा काथ्याकूट करून शेवटी हाती काय लागते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या नगर वाचनालयाने आपल्या जुन्या ग्रंथांची पाने छायाचित्रांच्या रूपाने जपून ठेवावयाचे ठरविले. ग्रंथ ८,०००, प्रत्येकाची सरासरी २५० पाने, म्हणजे एकूण वीस लाख पाने. (तोच मजकूर अक्षरांच्या रूपात टंकित करून ठेवला तर एका ग्रंथास एक-सव्वा एमबी पुरेल, पण जुने पान जसेच्या तसे हवे असेल तर छायाचित्राला शंभरपट जागा द्यावी लागते.) संगणक एका पानाच्या चित्राचा आकार ५०० केबी दाखवितो आणि सगळ्या पानांची बेरीज सुमारे ९५४ जीबी. कार्यवाह विचार करतात की एक टीबी म्हणजे हजार जीबी, तेव्हा एक टीबीची चकती घेतली की ४६ जीबी हाताशी उरतील. चकती येते. प्रती काढण्याचे काम सुरू होते, आणि काम संपत आले असता संगणक सांगतो की जागा संपली.

हिशेब असा. संगणकाचे ५०० केबी म्हणजे ५,१२,००० बाइट. वीस लाख पानांचे झाले एक लाख दोन हजार चारशे कोटी बाइट. चकतीवर जागा एक लाख कोटींची. २,४०० कोटी बाइट बाहेर राहिले, म्हणजे ४६,८७५ पाने; १८७ ग्रंथ संपूर्ण आणि एका ग्रंथाचा अर्धा भाग. चकतीची आतली व्यवस्था लावण्यात जी जागा जाते, तिच्यापायी आणखी काही. हे काम अकारविल्हे चालले असेल तर बाहेर राहिलेले ग्रंथ बहुधा ‘ह’ आणि ‘ज्ञ’चे असतील, ‘ज्ञानेश्वरी’च्या आवृत्त्याही त्यांतच येतात.

तेव्हा कार्यवाहांनी अगोदर ९५४ मध्ये शेकडा साडेसात मिळवून पाहावे. उत्तर हजाराच्या वर जाते, म्हणजे एक टीबी पुरणार नाही हे खरेदीपूर्वीच कळते. दोन टीबीची चकती आणली तर ती संगणकावर सुमारे १,८६२ जीबी दिसेल. त्यात ९५४ जीबींचे ग्रंथ ठेवून साधारण ९०९ जीबी उरतील. विक्रेत्याच्या मापाने तेच ९७६ होतात, आणि वाचनालयाच्या वार्षिक अहवालात यांपैकी कोणता आकडा छापावयाचा ते ठरविताना मापाचे नावही त्याच्यापुढे छापावे.